थंड पार्ट लावायचा नाही

"थंड पार्ट लावायचा नाही. गाडी दचकते."

असं म्हणून काका तो पार्ट दोन्ही तळव्यांत धरायचे आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटं, कधी पाच. गिऱ्हाइकानं तोवर गप्प उभं राहायचं. कांजूरमार्गला गोदामांच्या मागं त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं जे कुठंच मिळत नाही ते तिथं मिळायचं. बोरीवलीहून मी तिथं दोन वर्षं खेपा घातल्या.

पार्ट तापला की ते त्याच्या मालकाबद्दल बोलू लागत. एकदा क्लच प्लेट धरून म्हणाले, "हा मुलुंडचा. सिग्नलला क्लच दाबून बसतो. मनाचा कच्चा." झीज बघून सांगत असतील, असं मी स्वतःला समजावलं. तुम्हीही तेच केलं असतं. पण पुढच्या खेपेला ब्रेक शू देताना ते म्हणाले, "नवेच आहेत बघ. त्यानं ब्रेक मारलाच नाही."

"कधीच?"

"मारायला हवा होता तेव्हा."

ते शू मी घेतले नाहीत. काका हसले आणि त्यांनी दुसरे शोधून दिले. "घाबरट आहेस," म्हणाले, "पण गाडी झकास होईल तुझी."

माझी म्हणजे दादाची. दादा मस्कतला नोकरीला गेला तेव्हा आपली दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक माझ्या भरवशावर सोसायटीत ठेवून गेला होता. रविवारी तो ती बाहेर काढायचा तेव्हा माणसं आवाज ऐकून गॅलरीत यायची. पुढं इमारत पाडायला निघाली, पार्किंग रिकामं करा म्हणून नोटीस लागली, आणि मी त्याला न विचारता ती भंगारात घातली. त्यानंतर दादा नऊ वर्षं माझ्याशी बोलला नाही. म्हणून मी त्याच मॉडेलचा एक गंजका सांगाडा विकत घेतला होता आणि एकेक पार्ट जमवत होतो. यातलं अक्षरही काकांना सांगितलं नव्हतं.

शेवटी राहिला गिअरचा दांडा. काकांनी पोत्यातून एक काढला आणि हातात धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मे महिना, वर पत्रा, माझा शर्ट अंगाला चिकटलेला, आणि काकांची बोटं पांढरी पडत चालली होती.

"हा तापत नाही रे," ते हळूच म्हणाले. "कोणाचा आहे?"

मी बघितलं. टाचेकडचं टोक बाहेर वाकलेलं होतं. दादाचा पाय मोठा, म्हणून त्यानं ते माझ्यासमोर हातोडीनं वाकवलं होतं. माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

"त्याला विचारलं नव्हतंस ना? मग हा चोरीचा. फोन लाव त्याला."

"तो उचलणार नाही, काका."

"लाव."

दादानं उचलला. मी म्हटलं, "तुझ्या गाडीचा गिअरचा दांडा सापडलाय." मग तो म्हणाला, "टाचेकडे वाकलाय ना? सरळ करू नको," आणि फोन ठेवला. मी तिथंच उभ्या उभ्या रडलो. काकांनी दांडा माझ्या हातात दिला तेव्हा तो चटका बसेल इतका गरम होता.

दिवाळीत दादा आला. चौथ्या किकला गाडी सुरू झाली, तरी माझ्याशी बोलणं मोजकंच. "चल, तुझ्या काकांना दाखवू," एवढं मात्र तो आपणहून म्हणाला. मागं बस म्हणाला नाही; मी रिक्षानं पुढं, तो गाडीवर मागून.

दुकानाला कुलूप होतं. शेजारचा वेल्डर म्हणाला, "काका गेले ना. पंधरा दिवस झाले. माल सगळा किलोवर गेला." मग आमच्या गाडीकडे बघत म्हणाला, "आयुष्यभर पार्ट विकले, पण बाईकवर कधी बसले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, कोणी बसवलं तर बसेन."

मी बंद दारासमोर उभा राहिलो. मागं दादानं गाडी सुरू केली. हेल्मेट घालून, समोर बघत तो म्हणाला, "बसलास? नीट धर."

मी दहा पावलांवर होतो. गाडीचं मागचं सस्पेन्शन मात्र माणूस बसल्यासारखं दबलेलं होतं.

नऊ वर्षांनी दादा मला मागं बसवत होता. ती जागा सोडायला जीव होत नव्हता. तरी मी म्हटलं, "बसलो. सावकाश ने." दादा गेला, आणि मी हमरस्त्यावर येऊन रिक्षाला हात केला.