कार्ड नसलेला फोन

मुलीकडे दुबईला जाण्याआधी मी माझा नेहमीचा नंबर ई-सिम करून घेतला. तो फोनच्या आतच राहतो आणि कार्डाची जागा तिथल्या सिमसाठी मोकळी होते. परदेशात त्याची सोय झाली. अडचण आली ती केमला, माझ्या सासरच्या गावी.

माहेरी असलेल्या माझ्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची वेळ कळवायला सोलापूरच्या दवाखान्यातून माझ्याच नंबरवर फोन येणार होता. त्याच सकाळी फोन हातातून फरशीवर पडला आणि स्क्रीन काळी झाली. थोरल्या जाऊबाईंनी लगेच आपला जुना फोन आणला आणि कार्ड काढायला कानातली रिंग पुढे केली. फोन बिघडला की आमच्या घरात हेच करतात.

"यात कार्ड नाही. नंबर आतच आहे," मी म्हणाले.

"आत म्हंजे कुटं? काढायचा कसा मग?"

"काढता येत नाही."

"दुबईला चालतंय आन हितं न्हाय. लई भारी की वो."

तेवढ्यात फोन वाजायला लागला. काळ्या स्क्रीनवर बोट फिरवून काही होईना.

"मग गळ्यात ते कशाला अडकवलंय?" जाऊबाई म्हणाल्या.

काम करताना बोलता यावं म्हणून मी नेकबँड, म्हणजे फोनला ब्लूटूथने जोडलेले गळ्यातले इअरफोन, घालते. त्याचं बटण दाबून फोन उचलला आणि दवाखान्यातल्या बाईंचा आवाज आला. उद्या सकाळी आठला आणा, आजच डोक्यावरून आंघोळ करायला सांगा, नंतर बरेच दिवस डोक्यावर पाणी घेता येणार नाही.

आईचा नंबर मला पाठ होता. जाऊबाईंच्या फोनवरून तो लावला आणि तिला आधी पाणी तापवायला सांगितलं.