उलटा ग्लोव्ह

कुठलीही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जवळ आली की वर्तमानपत्रांत संघांच्या ओळखी छापून येतात. कोणाची फलंदाजी तगडी, कोणाची भिस्त कोणावर, कोण दुखापतीतून नुकती उठली आहे. आमच्या घरी हे चहाबरोबर मोठ्यानं वाचलं जातं. त्यात 'डावखुरी पिचर' असे शब्द आले की मी उठून स्वयंपाकघरात जाते आणि भांडी जरा जास्तच आपटते. आताशा माझे यजमान ते शब्द गाळूनच वाचतात.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या कॉलेजांतल्या मुली सॉफ्टबॉल खेळायला लागल्या. ही बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू मोठा, मैदान लहान, आणि चेंडू फेकायचा तो हात खालून आणून. फेकणारी ती पिचर, बॅटवालीच्या मागे बसून तो धरणारी ती कॅचर. एवढं कळलं तरी पुढचं कळतं. आमच्या खेळाच्या संघटनेचे सेक्रेटरी म्हणजे बडं प्रस्थ. प्रत्येक बक्षीस समारंभात ते बेसबॉलचा इतिहास सांगत आणि तो दरवेळी विटीदांडूपासून सुरू होई. खेळ मुळात आपलाच, गोऱ्यांनी नेला आणि नाव बदललं, हे ते इतक्या ठणकावून सांगत की समोरचे पाहुणे माना डोलावत. खुद्द त्यांना मात्र मैदानात उतरलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

मी डावखुरी. उगाच नम्रपणा करत नाही, त्या वेळी विदर्भात माझ्यासारखी पिचर नव्हती. माझा चेंडू भलत्याच कोनातून यायचा आणि मुली बॅट फिरवेपर्यंत कॅचरच्या हातात जाऊन बसायचा. ही कॅचर भिवापूरकडची, शेतकऱ्याच्या घरची, नागपुरात मावशीकडे राहून शिकणारी. ती मास्कमधून ओरडायची, "टाक वं बिनधास्त, मी बसली आहे ना इथं!" आणि मी टाकायची.

घोळ होता तो ग्लोव्हचा. चेंडू ज्या हातानं फेकतो त्याच्या दुसऱ्या हातात ग्लोव्ह घालतात. बहुतेक सगळ्या उजव्या हाताच्या, म्हणून कॉलेजात होते ते सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे. मला हवा होता उजव्या हाताचा. तो नव्हताच. मग मी तोच ग्लोव्ह उजव्या हातात कोंबायची. अंगठा करंगळीच्या जागी, करंगळी अंगठ्याच्या जागी. चेंडू अडवायची जाळी अंगठ्याजवळ असायला हवी, ती माझ्या करंगळीकडे यायची. फेकण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं, पण बॅटला लागून माझ्याकडेच परत आलेला चेंडू हमखास निसटायचा. माझी उजवी करंगळी अजून वाकडी आहे. लोणच्याची बरणी उघडताना दुखते तेव्हा मी सेक्रेटरींची आठवण काढते, आणि ती चांगल्या शब्दांत नसते.

आमचे कॉलेजचे खेळाचे सर भला माणूस. उजव्या हातात घालायचाही ग्लोव्ह मिळतो हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी सेक्रेटरींना विचारलं तर उत्तर आलं, "इतक्या साऱ्या पोरी खेळून राहिल्या, कोणाची तक्रार नाही. हिचंच काय वेगळं?"

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना आशियातल्या देशांची स्पर्धा जाहीर झाली आणि भारताच्या संघाचं निवड शिबिर कामठीला, छावणीजवळच्या मैदानावर भरायचं ठरलं. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "संघात नाव आलं तर पुढं दोन वर्षं खेळ, मी लग्नाचं नाव काढणार नाही. नाही आलं, तर हा खेळ बंद." मला ती अट फार सोपी वाटली. मी मनातल्या मनात बॅग भरायलाही घेतली होती.

शिबिराच्या आधी जपानहून संघटनेला नव्या ग्लोव्हची पेटी भेट आली. पहिल्या दिवशी सेक्रेटरींनी ते स्वतःच्या हातानं वाटले, फोटोही काढला. मी पुढं झाले तर म्हणाले, "तुझा जुना आहे ना, तोच चालव. तुले सवय आहे त्याची." निवडीच्या सामन्यात माझ्या चेंडूंवर बहुतेकींना धावायलाही मिळालं नाही. पण दोन चेंडू सरळ माझ्याकडे परत आले आणि दोन्ही त्या उलट्या जाळीतून निसटून पायाशी पडले. संध्याकाळी यादी वाचली गेली. कॅचरचं नाव आलं होतं, माझ्या जागी दुसऱ्या गावची मुलगी होती. मुलगी चांगली होती, तिच्यावर माझा राग नाही. माझ्याबद्दल सेक्रेटरी म्हणाले, "फेकते चांगली, पण हिच्या हातात बॉल टिकत नाही." कॅचर माझ्या कानाशी लागली, "काहून गप आहे वं तू? बोल ना!"

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन संघटनेच्या ऑफिसात गेले. त्यांना एकदा बोलून पाहायचं होतं. बोलणं सुरू व्हायच्या आधीच माझं लक्ष कपाटाकडं गेलं. कपाटावर, जुन्या ढालींच्या शेजारी, एक कोरा ग्लोव्ह पडला होता. सेक्रेटरी हसले. "ते जपानी लोक लई हुशार म्हणतात, पण त्यांचीही चूक होते बरं. हा एक उलटा पाठवला. कळवलं आहे त्यांना, बदलून द्या म्हणून."

मी न विचारता तो खाली काढला आणि उजव्या हातात घातला. अंगठ्याच्या जागी अंगठा गेला, करंगळीच्या जागी करंगळी. माझ्या डोळ्यांना धार लागली. सर म्हणाले, "साहेब, हा उलटा नाही. हा डावखुऱ्यांचाच आहे. हिच्यासाठीच आहे." सेक्रेटरींना ते कळलं. मी त्यांच्या तोंडाकडंच पाहत होते, त्यांना नक्की कळलं. थोडा वेळ ते टेबलावरची काच पुसत राहिले. मग म्हणाले, "पण यादी वर गेली ना आता," आणि हात पुढं केला. मी ग्लोव्ह काढून दिला.

घरी वडील काही टोचून बोलले नाहीत. त्यांनी फक्त नात्यातल्या लोकांना कळवलं की मुलगी लग्नाची आहे.

संघ निघायच्या आठवड्यात सेक्रेटरींनी वर्तमानपत्रात सगळ्या संघांची ओळख लिहिली. विटीदांडू होताच. खाली लिहिलं होतं की दोन बलाढ्य संघांकडे डावखुऱ्या पिचर आहेत आणि आपल्या मुलींना त्यांची सवय नाही, हीच काय ती चिंता. त्याच संध्याकाळी सर घरी आले. चहाचा कप हातात धरून बसले, पिईनात. शेवटी म्हणाले, "सेक्रेटरी सांगून राहिले की पोरींना सराव द्यायले तू ये. एकच दिवस. तो ग्लोव्ह देतो म्हणाले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी गेले. देशासाठी वगैरे नाही. मला तो ग्लोव्ह पुन्हा हातात घालायचा होता.

त्या दिवशी मी कोणाची गय केली नाही. एकामागून एक मुली बॅट हवेत फिरवून परत गेल्या. मास्कमागं कॅचर हसत होती. मग कप्तान आली, चिडलेली, आणि तिच्या बॅटवर एक बरोबर बसला. चेंडू माझ्या छातीच्या रोखानं सणसणत आला. मी उजवा हात नुसता वर केला आणि तो जाळीत जाऊन बसला, हललासुद्धा नाही.

सेक्रेटरी सावलीत खुर्चीवर होते. ते उठून टाळ्या वाजवत आले. "देखा? पाहून घ्या पोरींनो, बॉल असा धरायचा असतो. बेटा, पुन्हा एकदा दाखव यांना."

मी दाखवलं. सर बॅटनं मारत होते, मी धरत होते, आणि भारताचा संघ रांगेत उभा राहून पाहत होता. एकही निसटला नाही. सरांनी नंतर नंतर माझ्याकडं बघणंच सोडलं.

सराव संपल्यावर सेक्रेटरींनी हात पुढं केला. माझ्याआधी कॅचरच बोलली, "राहू द्या ना साहेब तिच्याजवळ. संघात कोणाच्या कामाचा आहे तो?"

"असं कसं," ते म्हणाले. "परत पाठवायचा आहे ना तो जपानला. उलटा आहे."