पाठमोरा भाचा

ये, अशी जवळ सरक. पुण्याहून चार दिवसांसाठी येतेस आणि दारातूनच "बरंय ना काकू" म्हणून निघतेस, ही काय रीत झाली? वर माझ्या भाच्याला 'तो हातवारेवाला' म्हणतेस. बस आता गुपचूप आणि ऐक. अख्ख्या जालना जिल्ह्यात तोंडातून शब्द न काढता माणसं गप्प बसवणारा एकच माणूस निपजला, तो म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा हा पोरगा.

लहानपणापासून त्याचे कान फार तिखट. कुकरची शिट्टी, गिरणीचा पट्टा, बोअरची मोटार. त्याला सगळ्यांत कुणीतरी पुढं पळतंय आणि कुणीतरी मागं राहतंय असं वाटायचं. सोललेली तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, हातात घेऊन तो शेळ्यांपुढं उभा राहायचा आणि शेळ्या, खोटं सांगत नाही, पाळीपाळीनं ओरडायच्या. पुढं व्हायोलिन शिकायला पुण्याला गेला. तिथं साठ वादकांचा वाद्यवृंद चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या सरांनी त्याला हेरलं, म्हणाले, तू वाजवू नकोस, दुसऱ्यांकडून वाजवून घ्यायला शीक. आणि वर्षभर नुसत्या खुर्च्या मांडायला लावल्या. ह्यानं त्या इतक्या मन लावून मांडल्या, की कुणाचं कोपर कुणाला लागतं, कुणाला चष्म्यातून कागद दिसत नाही, सगळं पाठ. माझ्या भावाला मात्र हे बिलकुल पटेना. त्याचं आष्टीत खताचं दुकान. तो म्हणे, "काठीच हलवायची होती, तर घरी गुरं काय कमी होती?"

सुट्टीत आला की सराव कुणावर करणार? आमच्या बायकांच्या भजनी मंडळावर. आम्ही ओसरीवर बसलेल्या, हा समोर तुराटी घेऊन उभा. उजव्या हातानं ताल द्यायचा, आणि डावा पंजा उघडा करून हळूहळू खाली आणायचा, म्हणजे माझी झांज दमानं. चार वर्षं तो पंजा खाली येत राहिला आणि चार वर्षं माझी झांज दणदणत राहिली. शेवटी एकदा म्हणाला, "आत्या, तू डोळे मिटून वाजवून राह्यलीस. हात दिसणार कसा?"

"मंग भजनात डोळे उघडून तुझं तोंड बघू का?"

तो रागावला न्हाई. वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मागच्या हिवाळ्यात तो वाद्यवृंद जालन्याला आला आणि सरांनी पहिल्यांदा काठी ह्याच्या हातात दिली. सर स्वतः पहिल्या रांगेत. कार्यक्रम बराबर झाला तर हा सरांचा सहायक म्हणून कायम. बिघडला तर परत खुर्च्या. आणि भावानं बजावलंच होतं, खुर्च्याच मांडायच्या तर आपलं दुकान आहे, परत ये. आम्ही पाचजणी शाल, हार, नारळ घेऊन गेलो, भाऊही कुरकुरत बरोबर आला. हा लोकांकडं पाठ करून उभा. असं वाजलं बाई, की अंगावर काटा. आणि एकदम थांबलं. आता ती रचना चार भागांची, मध्ये नुसता दम घ्यायला थांबतात, हे आम्हाला कोण सांगणार? आपल्याकडं वाजायचं थांबलं की सत्कार. मी उठून मंचाच्या पायरीकडं निघाले, माझ्यामागं चौघी उठल्या, आम्हाला बघून मागच्या रांगा उठल्या, टाळ्या, खुर्च्यांचा खडखडाट. वादक भांबावून एकमेकांकडं बघायला लागले. सर अर्धे उठले.

त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. उजव्या हातातली काठी तशीच वर. डावा हात तेवढा पाठीमागं आला, पंजा उघडा, आणि हळूहळू खाली गेला.

तो हात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. नारळ मांडीवर घेऊन तिथंच पायरीवर बसले. चौघी बसल्या, मग रांगा बसल्या, आणि त्या शांततेतून दुसरा भाग निघाला, दुधावर साय धरावी इतका हळू.

सगळं संपल्यावर खाली उतरून त्यानं नारळ माझ्या हातातून घेतला. सर जवळ आले आणि भावाला म्हणाले, "साठ वादक कुणीही थांबवील हो. सत्कार थांबवणारा माणूस मी आजच पाहिला." भाऊ रुमालानं पोराच्या मानेवरचा घाम टिपत राहिला.

आता तो सरांबरोबर गावोगाव असतो. फोन येतो, पण फोनवर हात कुठं दिसतो? एकादशीला आम्ही बसतो, तेव्हा तो उभा राहायचा त्या जागेकडं बघत मी वाजवते, डोळे उघडे ठेवून. झांज आपोआप दमानं पडते. बाकीच्या म्हणतात, हिच्या हातातला जोर गेला. पुण्यात भेटला तर सांग त्याला, आत्याला आता हात दिसतो म्हणावं. तुराटी नवीन सोलून ठेवलीय. जल्दी ये म्हणावं. आणि तूही त्याच्याबरोबर ये, पण ह्या वेळी दारातून परत जायचं न्हाई.