चपलांच्या कपाटावरची वांगी

वहिनींनी माझा भरल्या वांग्यांचा डबा जेवणाच्या टेबलावरून उचलला आणि दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवला. झाकणसुद्धा न उघडता. "टेबलावर जागाच नाही हो," म्हणाल्या. जागा होती. कोशिंबीर आणि पुलावाच्या मध्ये चांगली ढळढळीत जागा होती.

शारजातलं आमचं मराठी वाचन मंडळ. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, एका पुस्तकावर बोलायचं. त्या दिवशी वहिनींकडे; मंडळात सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. पुस्तक एक जाडजूड रशियन कादंबरी, मराठीत आलेली. एका घराण्याच्या चार पिढ्या. सोव्हिएत राज्यात प्रत्येक फॉर्मवर लिहावं लागायचं, आजोबा कोण होते. आजोबा जमीनदार, म्हणून नातीला कॉलेज नाही. शेजारी यायचे बंद. शेवटी नात देश सोडते आणि परक्या देशातही आजोबांचं नाव दडवते. वहिनींनी डोळे पुसले. "जन्मावरून शिक्षा? शी! माणसं आहेत की कोण?"

आणि पाचच मिनिटांत कुणीतरी फेसबुक उघडून मोबाइल पुढे केला. माझ्या भावाच्या लग्नातला फोटो. सगळे बुद्धवंदना म्हणतायत, मी पुढच्याच रांगेत. वहिनी हसल्या. "अय्या, तुम्ही तर कुलदैवत खंडोबा सांगितलं होतंत!" मग उठल्या. मग डबा उचलला.

किळस आली मला त्यांची. पण खरं सांगते, त्याहून जास्त स्वतःची आली. आठ वर्षं दुबईत जबल अलीच्या ऑफिसात आणि या मंडळात मी खंडोबा, खंडोबा करत होते. इथे कुणी फॉर्म मागितला नव्हता. तरी मी खोटा भरत होते.

अकरा वर्षांची लेक शेजारीच होती. "आई, व्हाय डिड यू लाय?"

उठले. डबा आणला, टेबलाच्या मधोमध आपटला, झाकण काढलं.

"वहिनी, रशियातल्या आजोबांसाठी रडलात ना? आता माझ्या आजोबांचं ऐका. आम्ही महार. आता बौद्ध. आजोबा गावाची मेलेली ढोरं ओढायचे."

"अहो, आम्ही असलं काही मानत नाही," वहिनी पुटपुटल्या. त्यांचे मिस्टर म्हणाले, "यल्ला, जेवून घेऊ. विषय खलास."

"मग घ्या वांगं."

एकाचाही हात पुढे आला नाही. कादंबरीवर दोन तास बोललेली माणसं ताटाकडे बघत बसली. थू!

गाडीत लेकीला सांगितलं, शाळेत कुणी विचारलं तर खरं सांगायचं. नाही विचारलं तरी सांगायचं. पुढच्या महिन्याची बैठक माझ्या घरी आहे. मी ती रद्द करणार नाही. स्वयंपाक मीच करणार. त्यांनी यावं, नाहीतर का येत नाही ते माझ्या तोंडावर सांगावं.