चालू ठेवलेली गाडी

आबा गेल्याचा फोन माईंनीच केला. माझ्या सासूबाई रडल्या नाहीत, हॅलोसुद्धा म्हणाल्या नाहीत. "आबा गेले. सावकाश या, आता घाई राहिली नाही," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. वरणगावहून जळगावला पोचेपर्यंत त्यांचं ते 'सावकाश या' कानात होतं. त्या घरानं मला घाई करताना फक्त एकदाच पाहिलं होतं. एरवी मी जेवायला बसण्यापलीकडे कशाचीही घाई न करणारा जावई म्हणून जळगावच्या पिंप्राळ्यात, म्हणजे सासरच्या गल्लीत, प्रसिद्ध आहे. आता महिना होत आला. लोक भेटले की आबांच्या सरळ स्वभावाबद्दल बोलतात, पाटबंधारे खात्यात त्यांनी काढलेल्या सुबक नकाशांबद्दल बोलतात. मला मात्र आठवते ती मागच्या धोंड्याच्या महिन्यातली एक दुपार, आणि गाडीखाली आडवा पडलेला मी.

आबांची गाडी जुनी, पांढरी, बुटकी. पुढची सीट सोफ्यासारखी सलग आणि दार असं रुंद की कपाटाचं वाटावं. पोरांनी ती विकायला सांगितली होती. पण माईंचे गुडघे गेल्यापासून त्या दुसऱ्या कुठल्या वाहनात बसूच शकत नव्हत्या. नव्या उंच गाडीत पाय चढायचा नाही, रिक्षात गुडघा दुमडायचा नाही, आणि एसटीची पायरी तर त्यांना डोंगर वाटायची. या गाडीत मात्र त्या आधी पाठमोऱ्या टेकायच्या, मग दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घ्यायच्या. म्हणजे घराबाहेरचं जग माईंसाठी त्या एका दारातून सुरू होत असे.

त्या दिवशी सकाळी माझे पाय धुऊन झाले होते. अधिक महिन्यात जावयाला काय मान असतो ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. नवा पांढराशुभ्र शर्ट, चांदीच्या ताटलीत अनारसे, पुरणाचे धोंडे. मी तृप्त होऊन लोडाला टेकलो होतो, तेवढ्यात धुळ्याहून माईंच्या भाच्याचा फोन आला. माईंची मोठी बहीण अंथरुणाला खिळलेली होती, डॉक्टरांनी घरी पाठवून दिलं होतं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे बहीण माईंचंच नाव घेतेय हे सगळ्यांनीच ऐकलं. "मावशी, माय तुन्हंच नाव ली राहिनी शे. जशी शे तशी ये."

माई जशा होत्या तशाच उठल्या. आबांनी किल्ली फिरवली. गाडीच्या पोटातून 'टक्' असा एकच आवाज आला आणि पुढे काहीच नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्. गल्लीतल्या चौघांनी धक्का दिला, तर गिअर टाकल्याबरोबर चाकं जागच्या जागी घसटली. आबांनी गाडी गिअरमध्ये मागेपुढे हलवून पाहिली, खालून हातोडीनं ठोकली... नाही. नेहमीचे मेस्त्री रफिकभाई नात्यातल्या लग्नासाठी नशिराबादला होते. फोनवर मागे बँडचा आवाज, त्यात ते ओरडून सांगत होते, "आबा, स्टार्टर अंदर फस गया, उसने इंजन को पकड के रखा है! निकालो उसको, बाजू में रखो, धक्का मारो और निकलो. पन रस्ते में बंद मत करना!"

प्रश्न असा होता की निकालो कोणी. आबांच्या हातांना आजारपणानंतर कंप सुटला होता. मी उठलो. माझी बायको शोभा म्हणाली, "अहो, तुम्हाला घरातला बल्ब बदलता येत नाही!" माई तर दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. "आज जावयाला गाडीखाली घालायचं? धोंड्याच्या महिन्यात? पाप लागेल हो." आबा म्हणाले, "तुझी बहीण थांबायची नाही." त्यावर माई बाजूला सरकल्या. अशा रीतीनं सकाळी ज्या पायांवर पाणी पडलं, ते पूज्य पाय दुपारी गाडीखालून बाहेर दिसू लागले.

जॅक लावला, आधाराला लाकडी ओंडके सरकवले, चाकांना दगड लावले. आबा बॉनेटवरून वाकून टॉर्च दाखवत होते, मी खालून पाना लावत होतो. आता चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती सासरे-जावयांशिवाय कोणाला जमणार नाही. स्टार्टरला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढायची असते. हे आबांना ठाऊक होतं आणि त्यांनी मला सांगूनही ठेवलं होतं. मला वाटलं, ते वर उभे आहेत, त्यांनी काढलीच असेल. सासऱ्यांना कसं विचारायचं? त्यांना वाटलं, मी खाली जाण्याआधी काढली असेल. जावयाचं काम कसं तपासायचं, आणि तेही आज? "झालं ना?" एवढं विचारायला दोघांचीही जीभ रेटली नाही. आदरापोटी माणूस मरतो तो असा.

माझा पाना जाड वायरीच्या नटाला लागला आणि त्याचं दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला. निळापांढरा लोळ उठला. पाना तिथंच चिकटला, जळका वास नाकात गेला आणि मला काही दिसेनासं झालं. "हात काढ! हात काढ रे गाढवा!" आयुष्यभर मला 'जावईबापू, आपण' म्हणणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. वर खडखड झाली, पाना गळून पडला. शोभाची किंकाळी, माईंचं "देवा देवा"... आणि मग सगळं शांत. मी बोटं हलवून पाहिली. होती सगळी.

आबा गुडघ्यावर बसून खाली डोकावले. चेहरा पांढराफटक. मुठीत त्यांनी बॅटरीची वायर धरली होती. "आता ही माझ्या हातात आहे," ते म्हणाले, "मी सोडत नाही. तू काम कर." आणि खरंच, पुढचा सगळा वेळ त्यांनी ती सोडली नाही. खालचा बोल्ट निघाला. वरचा दिसतच नव्हता, नुसता चाचपडून शोधायचा होता. आतून दर थोड्या वेळानं धुळ्याचा फोन वाजायचा आणि माईंचा आवाज यायचा, "निघालोच म्हणा... निघालोच." माझं मनगट लेखणीशिवाय काही न उचललेलं, बारीक. ते त्या फटीत गेलं. आयुष्यात माझ्या काटकुळेपणाचा तेवढाच एक उपयोग झाला. बोल्ट सुटला आणि स्टार्टर धपकन माझ्या नव्या शर्टावर येऊन बसला, तान्ह्या पोरासारखा.

मग मी स्टार्टरच्या वायरीचं मोकळं टोक फडक्यात गुंडाळलं, आबांनी बॅटरी जोडली आणि गल्लीनं धक्का दिला. गाडी दोन गचके खाऊन गुरगुरली आणि आबांनी ती पकडली. धुळ्यापर्यंत तेच चालवत होते. कंप सुटलेले हात स्टिअरिंगवर मात्र स्थिर होते. एरंडोलला ट्रकांची रांग लागली तेव्हा इंजिन तापून काटा वर सरकला. पारोळ्याला एक म्हैस रस्त्यात उभी राहिली आणि इंजिन मरता मरता वाचलं. आबांचा एकच पाय ब्रेक आणि ॲक्सिलेटर दोन्ही सांभाळत होता. मागच्या सीटवर मी, नसलेला क्लच दाबत होतो. माई बहिणीचं नाव पुटपुटत होत्या. गाडी मधल्या रिकाम्या रस्त्यावर बंद पडली असती तर धक्क्याला माणसं आणायची कुठून?

पोचलो. माईंना धरून आत नेलं. बहिणीनं डोळे उघडले, बघितलं, ओळखलं. "कशी उनी वं?" कशी आलीस, एवढंच तिनं विचारलं. माईंनी तिचा हात हातात घेतला आणि संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या हातातच होता. मग बहीण गेली, आणि हात धरणारी एकटी माईच उरली.

तोवर आबा आत आले नाहीत. गल्लीत गाडी चालू ठेवून, ॲक्सिलेटरवर पाय देऊन बसून राहिले. शेजारचे धुराला वैतागले. मी जाऊन म्हटलं, "आबा, आता बंद करा. आत या." ते म्हणाले, "कधी दवाखान्यात न्यायची वेळ येईल सांगता येत नाही. बंद केली तर धक्क्याला माणसं लागतील. आत रडणं सुरू झालं, तर त्यातून कोणाला उठवून बोलावू?" मी दार उघडलं. त्यांच्या शेजारी, माईंच्या जागेवर बसलो.

पुढच्या आठवड्यात धुळ्याच्या जुन्या बाजारातून आणलेला स्टार्टर रफिकभाईंनी बसवला. किल्ली फिरवली की गाडी पहिल्या फटक्यात सुरू. पण आबांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. माई देवळात जावोत की दवाखान्यात, परत येऊन पाय आत घेईपर्यंत गाडी चालूच. पेट्रोलवरून पोरं बोलायची, आबा ऐकायचे नाहीत.

गेल्या आठवड्यात मी माईंना गुडघे दाखवायला नेलं. दवाखान्यापाशी त्यांना उतरवलं आणि बसून राहिलो. मागून रिक्षावाला ओरडला, "काका, बंद करा ना, किती धूर होऊन राहिला!" तेव्हा लक्षात आलं की माझा पाय ॲक्सिलेटरवर आहे.

माई आल्या. टेकल्या. दोन्ही हातांनी एकेक पाय आत घेतला. मग वाकून त्यांनी स्वतःच किल्ली फिरवून गाडी बंद केली. औषधांची चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली.

"आता चालू करा," त्या म्हणाल्या.

मी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

"होते ना," माई समोर बघत म्हणाल्या. "त्यांना कधी पटलंच नाही."

पुढे औषधांच्या दुकानापाशी त्या पुन्हा उतरल्या. मी गाडी बंद करायला किल्लीकडे हात नेला, आणि तसाच मागे घेतला.