होडीतला पाय

करावे गावचे ते कोळी काका मला फिजिओथेरपीच्या दवाखान्यात भेटायचे. मी गुडघ्यासाठी जायचे, ते घोट्यासाठी. त्यांचा डावा घोटा इतक्या वेळा मुरगळला होता की आता सपाट रस्त्यावरही तो अचानक दगा द्यायचा. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते मला ‘बाय’ म्हणायचे. व्यायाम करताना भरती-ओहोटीच्या वेळा पुटपुटायची त्यांना सवय होती.

एकदा डॉक्टर मॅडमनी त्यांच्या डोक्यावर मेंदूच्या लहरी टिपणारी तारांची टोपी चढवली आणि त्यांना डाव्या पायावर उभं केलं. पडद्यावर रेषा थरथरू लागल्या.

“काका, नुसतं उभं राहायलाही तुमच्या मेंदूला फार कष्ट पडतायत. घोट्याकडून त्याला नीट खबरच मिळत नाही.”

“होडीत कवा कष्ट नाय परले,” काका हळूच म्हणाले. “मंग होडीत कवा जाऊ?”

“इतक्यात नाही.”

परवा सकाळी ते मला करावेच्या जेट्टीवर दिसले. त्यांचा धाकटा भाऊ होडी काढत होता. काकांनी डावा पाय होडीच्या काठावर ठेवला, क्षणभर तसाच धरला आणि मागे घेतला. मग वाकून त्यांनीच होडी जेट्टीपासून दूर ढकलली.

होडी लांब गेली. काका सिमेंटच्या जेट्टीवर उभे होते, पण लाटेसरशी त्यांचे गुडघे अलगद वाकत होते, सरळ होत होते.

“काका, ऊन झालं. चला घरी.”

“थांब जरा, बाय,” ते मान न वळवता म्हणाले. “अजून दिसते ती.”