चुड्यासाठी चोळलेले हात

नव्वदीच्या सुरुवातीला मी इंदापूर तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. जिवंत माणसांना द्यायला औषध नसायचं, पण मेलेल्यांसाठी पत्र्याची स्वतंत्र खोली होती.

एका दुपारी बावड्याकडून एका तरुण बाईचं प्रेत आलं. तिरडी उचलायच्या बेतात असताना पोलीस पाटलानं अडवली होती. हिरवं लुगडं, हळदीकुंकू, हातभर हिरवा चुडा. सवाष्णीचं सगळं रीतसर केलेलं. हळद पुसली तर गळ्यावर बोटांचे वण. कशानं मेली ते आंधळ्यालाही कळलं असतं. कधी मेली, यावर सगळं अडलं होतं. नवरा म्हणत होता, पहाटे कारखान्यावर निघालो तेव्हा ती भाकरी थापत होती. ती रात्रीच मेली असेल, तर तो खोटा होता.

मेलेलं अंग हळूहळू ताठरतं, त्यावरून वेळेचा अंदाज येतो. हिचे हातपाय मात्र उचलले की गळून पडत होते. मी वैतागून बाहेर आलो. लिंबाखाली तिची आई बसली होती. माहेर शेजारच्याच वाडीत, त्यामुळे ती उजाडताच पोचली होती. मी विचारलं, "सकाळी अंग कसं होतं?"

"लाकूड झालं हुतं, डॉक्टरसायेब. आंगुळीला बसवाय पाय दुमडंनात, चुडा चढंना. मग ऊन पाणी वतून मीच चोळलं, वाकवलं. तवा कुठं मऊ पडलं."

इतकं ताठरायला कित्येक तास लागतात. म्हणजे ती रात्रीच मेली होती. पण एकदा मोडलेला ताठरपणा पुन्हा येत नाही. दाखवण्यासारखं माझ्या हाती काहीच उरलं नव्हतं.

पुढं बारामतीच्या कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं मला एवढंच विचारलं, "हात सैल होते ना?" होते, म्हणालो. सैल अंग म्हणजे ताजं मरण, एवढाच अर्थ त्यानं काढला. आईच्या सांगण्यावर तो नुसता हसला. आई असंच म्हणणार. नवरा सुटला. मला माझ्या शिक्षणाची शिसारी आली.

बाहेर पायरीवर आईनं मला गाठलं. "मी हात चोळलं नसतं तर?"

"तरी काही कळलं नसतं," मी धडधडीत खोटं बोललो.

तिला ते पटलं नाही. स्वतःच्या तळव्यांकडं बघत ती म्हणाली, "मऊ पडाय लागलं, तवा मला वाटलं, पोरगी माघारी येतीया."